बसून जाण्याचा मान

धार शहरातल्या तमाम लहानथोर मंडळींस, सरकारी नोकरांस, पेन्शनरांस, तसंच ओट्यावर बसून काहीही न करणाऱ्या सर्व सज्जनांस अत्यंत गांभीर्यपूर्वक जाहीर करण्यात येतं की, आमच्या गल्लीत एक गृहस्थ असे आहेत, ज्यांच्याकडे स्वतःच्या मालकीची, चालू स्थितीतली, टाकी भरलेली फटफटी असून ते रोज सकाळी तिला हातानं ढकलत गावाबाहेर नेत आणि गाव संपल्यावर तिच्यावर बसत. संध्याकाळी गाव लागलं की उतरत आणि पुन्हा ढकलत घरी आणत. गाडीत बिघाड नाही. डोक्यातही नाही. कुणाला खोटं वाटत असेल त्यानं राजवाड्यासमोर येऊन कुणालाही विचारावं. तिकीट नाही.

या गृहस्थांचं नाव वामनराव जामदार. गाव त्यांना वामनभिया म्हणतं. आमच्या माळव्यात मराठी माणसाच्या नावालाही 'भिया' चिकटतो आणि मग तो जन्मभर सुटत नाही. वामनभिया माझा बालमित्र आणि समोरच्या घरातला शेजारी, तेव्हा यापुढे मी त्याला अरेतुरेच करणार.

वामनभिया उंच, सडपातळ आणि चालताना किंचित पुढे वाकलेला. समोरून येणाऱ्या प्रत्येकाची आधीच माफी मागून ठेवल्यासारखा. अंगात बंद गळ्याचा कोट, धोतराला घोट्यांशी सायकलवाल्यांचे चिमटे, डोक्याला काळी टोपी, आणि ती उडू नये म्हणून टोपीवरून हनुवटीखाली बांधलेलं उपरणं. महूच्या छावणीतल्या ज्या कप्तानाकडून त्यानं ही जुनी गाडी घेतली, त्यानं गाडीबरोबर एक गॉगलही दिला होता. तो घातल्यावर वामनभिया घाबरलेल्या घुबडासारखा दिसे. हे त्याला मीच सांगितलं. "मग बरं दिसत नाही," म्हणून त्यानं गॉगल खिशात टाकला आणि डोळ्यांत धूळ घेत हिंडू लागला.

'बरं दिसत नाही' हे त्याच्या आयुष्याचं घोषवाक्य. पंगतीत दुसऱ्यांदा श्रीखंड मागणं बरं दिसत नाही. शिंक आली तर घरमालक असूनही तो अंगणात जाऊन शिंकतो. एकदा बाजारात त्याच्या पायावर बैलगाडीचं चाक गेलं, तर हा गाडीवानाला म्हणाला, "माझं चुकलं हो भिया, पाय असा रस्त्यात ठेवणं बरं दिसत नाही." अशा माणसानं फटफटी घ्यावी? मोरीतल्या पाण्याचा आवाज शेजाऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून हळू आंघोळ करणाऱ्यानं?

पण त्याला इलाज नव्हता. जामदारांच्या घराण्याकडे धारच्या दरबारात पिढ्यान्‌पिढ्या एकच काम होतं: कोणी कुठं बसायचं, कोणी कुठवर जोडे घालून यायचं, कोणी कोणत्या दरवाजापाशी घोड्यावरून उतरायचं, हे सांगणं. आजोबा हे करत, वडील हे करत, आणि वामनभियाही चार वर्षं हेच करत होता. एवढ्यात संस्थान विलीन झालं. दरबार उठला, बैठक गुंडाळली, आणि कोणी कुठं बसायचं हे ज्याला पाठ होतं त्याला स्वतःला बसायला जागा उरली नाही. नव्या सरकारनं त्याला कारकून म्हणून सामावून घेतलं आणि अमझेऱ्याच्या एका कचेरीत नेमलं. अमझेऱ्याची मोटार भरली की सुटे, आणि भरल्यावर पंक्चर होई. म्हणून ही फटफटी.

फटफटी म्हणजे काय, तर सायकलीच्या पोटात एक तांब्याएवढं इंजिन. कप्तान म्हणाला होता, "बेबी है, जामदारसाब, प्यार से चलाइए." वामनभियानं ते शब्दशः घेतलं. या जातीच्या गाडीला पेट्रोलात मापून तेल मिसळावं लागतं. ते ओतायला त्यानं घरातलं चांदीचं बोंडलं काढलं! ज्या चोचीतून जामदारांची सगळी पोरं दूध प्यायली, त्याच चोचीतून रोज सकाळी फटफटी तेल पिऊ लागली. वहिनी कपाळाला हात लावून बघत. त्या माहेरच्या देवासच्या. तिथं एका गावाला दोन राजे होते, त्यामुळे एका गोष्टीवर दोन मतं बाळगायची त्यांना लहानपणापासून सवय. बाहेरच्यांना त्या सांगत, "आमच्याकडे मोटरसायकल आहे." घरात म्हणत, "ही अवदसा कुठून आणली?"

गाडी शिकायला त्यानं मुंज तलावाजवळची मोकळी जागा निवडली. मी सोबत होतो. किक मारता मारता घोटा सुजला, पण शेवटी गाडी चालू झाली, वामनभियानं क्लच सोडला आणि ती त्याच्यासकट निघाली. पुढं असं लक्षात आलं की चालू कशी करायची हे कप्तानानं शिकवलं होतं; थांबवायची कशी हे विचारायचं राहिलं होतं. वामनभिया गोल फिरू लागला. त्या वेळी न्यायाधीश म्हणून निवृत्त झालेले आमचे दादासाहेब तिथं सकाळची फेरी मारत होते. दादासाहेब म्हणजे गल्लीतलं सर्वोच्च न्यायालय. त्यांच्यासमोर आजही कोणी पान खात नाही. दर फेरीला ते वाटेत येत, दर फेरीला वामनभिया एक हात सोडून त्यांना वाकून नमस्कार करी आणि ओरडे, "माफ करा हं, दादासाहेब, बसलोय!" दादासाहेबही जुन्या वळणाचे, नमस्कार आला की परत केलाच पाहिजे. शेवटी हात जोडून जोडून ते थकले आणि बांधावर बसले. गाडी पेट्रोल संपल्यावर थांबली. वामनभियानं उतरून सगळ्यात आधी काय केलं असेल, तर दादासाहेबांच्या पायांवर डोकं ठेवलं. "आपण पायी आणि मी वाहनावर! बरं दिसलं नाही."

इथून तो ढकलायला लागला.

त्याचं म्हणणं साधं होतं. वडीलधारा माणूस पायी असताना किंवा ओट्यावर बसलेला असताना आपण त्याच्यासमोरून वाहनावर बसून जाणं हा उद्धटपणा. "बरं, उतरलास तर उतरलास," मी म्हणे, "इंजिन तरी चालू ठेव! पुन्हा किक मारायचा ताप तरी वाचेल."

"म्हणजे दरबारात ढेकर देत शिरायचं की काय?" तो दुखावून म्हणे.

आता आमचा रस्ता असा आहे की गल्लीतून निघालं की आधी राजवाड्याचा दरवाजा. आत आता एक सरकारी दफ्तर आणि असंख्य पारवे, पण दरवाजा तो दरवाजाच, म्हणून तिथं उतरायचं. पुढं दादासाहेबांचा ओटा. त्यापुढं वामनभियाच्या सासऱ्यांच्या चुलतभावांचं घर. मग आमचे जुने मास्तर, जे सकाळभर दारात दात घासतात. मग धारेश्वराचं दर्शन घेऊन परतणारे शास्त्रीबुवा, जे कुठंही भेटू शकतात. आणि सर्वांत शेवटी, नाक्याअलीकडच्या वळणावर आक्कांचं घर. आक्का बाहेर बसत नाहीत. लढाईत मुलगा गेल्यापासून त्या कुणाकडे फारशा येत-जात नाहीत. दार लोटलेलं असतं. एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्यापर्यंत गाडीवर बसायला जेमतेम किक मारण्याइतकं अंतर, तेव्हा वामनभिया सबंध रस्ता ढकलतच जाई.

गावानं याचा तमाशा केला नसता तरच नवल. भाजीवाली रोज विचारी, "वामन भिया, गाडी तमके लई जई री हे, के तम गाडी के?" म्हणजे कोण कुणाला नेतंय ते तरी सांगा. चहावाला म्हणे, "भियाजी, इसको घास खिलाओ, खुद चलेगी." पोरं मागून 'हुर्र' करत. वामनभियाचे कान लाल होत, मान खाली जाई, पण पाय थांबत नसत. आणि खरं सांगतो, त्याच्यापेक्षा मलाच लाज वाटे. माणसानं भित्रं असावं, लाजाळू असावं. पण भर बाजारातून आपला लाजाळूपणा दोन चाकांवर घालून मिरवत न्यावा?

इथवर ही नुसती गंमत होती. मग मध्येच भिंड आडवं आलं.

अमझेऱ्याच्या कचेरीत ग्वाल्हेरकडचे एक नवे साहेब आले. तरुण, कडक इस्त्रीचे, आणि टेबलावर घड्याळ ठेवून बसणारे. वामनभिया ढकलून ढकलून घामाघूम होऊन, काळे झालेले हात धोतराला पुसत उशिरा पोचे. एकदा झालं, दोनदा झालं. मग साहेबांनी त्याला उभं केलं.

"जामदारजी, आपके पास गाडी है?"

"आहे साहेब. है."

"चलती है?"

"चलती है, साहेब."

"तो फिर आप क्यों चलते हैं?"

वामनभियानं काळे हात पुन्हा धोतराला पुसले. साहेब म्हणाले, "एक बार और देर हुई, तो भिंड भेज दूँगा." सगळी कचेरी गार पडली. आमच्याकडे सरकारी नोकराला मारायचं नसलं की भिंडची भीती घालतात. कुठं चंबळची ती घळई, कुठं धार! वामनभियाची आई जवळजवळ आंधळी. तिला आपल्या घरातली प्रत्येक पायरी पायानं पाठ. ती धार सोडणार नाही, तिला सोडून वहिनी जाणार नाहीत, आणि वामनभिया भिंडला एकटा. जो माणूस खाणावळीत मीठ कमी पडलं तरी मागणार नाही, तो तिथं महिनाभरात वाळून जाईल हे आम्हाला दिसत होतं.

"आता तरी बसून जा!" मी त्याला अक्षरशः हात जोडले.

"बघू," तो म्हणाला. "लवकर निघत जाईन."

"अरे, तू जितक्या लवकर निघशील तितके जास्त म्हातारे रस्त्यावर भेटतील! ते काय तुझ्यासारखे झोपतात?"

तो कसनुसं हसला आणि बोंडलं धुवायला आत गेला.

आता माझी थोडी ओळख. मी शाळेत इतिहास शिकवतो आणि गणपतीत नाटकं बसवतो. इतिहासातलं काही पोरांच्या लक्षात राहत नाही. नाटकातला माझा राजा अजून लोक विसरलेले नाहीत. अशा माणसाच्या डोक्यात एखादी कल्पना शिरली की ती पोशाख करूनच बाहेर पडते. मी विचार केला, वामनभियाला तर्क पटत नाही, पण रिवाज पटतो. संस्थानात बंदी असलेली प्रत्येक गोष्ट मान म्हणून मिळत असे. कुणाला पालखीचा मान, कुणाला जोडे घालून दरबारात येण्याचा. मग आपण याला फटफटीवर बसून जाण्याचा मान का देऊ नये?

मी दादासाहेबांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे त्याची भिंडला बदली झाली तर तिला मी जबाबदार?"

"कायद्यानं नाही, दादासाहेब."

"तू कायदा मला शिकवू नकोस. उद्या सकाळी बोलावून घे सगळ्यांना."

दुसऱ्या दिवशी राजवाड्यासमोर जो सोहळा झाला तो विलीनीकरणानंतरचा धारचा पहिलाच दरबार म्हणायला हरकत नाही. दादासाहेब ठेवणीतली पगडी घालून आले. मास्तर दात घासून आले. शास्त्रीबुवांनी नारळ आणला. भाजीवाली टोपली खाली ठेवून पुढच्या रांगेत. मी नाटकातला चोपदार झालो होतो: लाल अंगरखा, चिकटवलेल्या मिशा, हातात चंदेरी कागद लावलेला सोटा.

वामनभिया गाडी ढकलत वळला आणि आम्हाला पाहून थिजला.

"निगा रखोऽऽ!" मी गर्जलो. पारवे उडाले. "तमाम मंडळींस जाहीर व्हावं! श्रीयुत वामनराव जामदार यांची वडीलधाऱ्यांविषयीची अदब पाहून ही सभा प्रसन्न झाली आहे! आजपासून त्यांस, वंशपरंपरा, फटफटीवर बसून, इंजिन चालू ठेवून, आम्हा सर्वांसमोरून जाण्याचा मान बहाल करण्यात येत आहे!"

टाळ्या पडल्या. दादासाहेबांनी त्याच्या खांद्यावर उपरणं घातलं, हातात विडा दिला. मला वाटलं हा आता रडणार आनंदानं. पण वामनभियाचं तोंड पांढरं पडलं होतं. नाही म्हणायची सोय नव्हती. वडीलधाऱ्यांनी दिलेला मान जामदारांच्या कुळात कोणी नाकारला नव्हता. त्यानं विडा कपाळाला लावला आणि फक्त एक प्रश्न विचारला. अगदी घराण्याला साजेसा.

"हा मान कुठपर्यंत?"

"थेट नाक्यापर्यंत!" मी सोटा आपटला.

तो माझ्या जवळ आला आणि हळूच म्हणाला, "वळणापर्यंतच ठेव ना, भिया."

मी हसलो. मला वाटलं, विनय. "नाक्यापर्यंत म्हणजे नाक्यापर्यंत! किक मार!"

त्यानं किक मारली. गाडी कधी नव्हे ती पहिल्या झटक्यात चालू झाली. टर्रर्र! वामनभिया गाडीवर बसला, धारच्या भर रस्त्यात, सर्वांसमक्ष, आणि निघाला. काय सांगू ते दृश्य! पाठ ताठ, उपरणं उडतंय, तोंडावर फाशीला निघालेल्या माणसाचा भाव, आणि मागं सगळं गाव पळतंय. मी सोटा घेऊन सर्वांत पुढं. दादासाहेबांचा ओटा गेला, सासऱ्यांच्या चुलतभावांचं घर गेलं, मास्तरांचं दार गेलं. सासरची मंडळी माडीवरून बघत होती. कुठं आभाळ कोसळलं नाही.

आणि वळण आलं. टर्रर्र... टर्र... गप्प.

बघतो तो वामनभिया खाली उतरलेला. वाकून, हँडल धरून, पाय न वाजवता गाडी ढकलतोय. रस्त्यावर माणूस नाही. ओटा रिकामा. आक्कांचं दार लोटलेलं. मी धावत त्याला गाठलं.

"अरे, आता कुणासाठी? इथं कोण बसलंय?"

"हळू बोल!" तो इतक्या जोरात कुजबुजला की मी दचकलो. वामनभिया मला पहिल्यांदाच रागावला होता. "सगळ्यांना घेऊन मागं जा. जा ना, भिया. त्यांना कळेल."

"कुणाला?"

त्यानं लोटलेल्या दाराकडे नुसती नजर केली. आणि मग वळणावर उभं राहून, मागून येणाऱ्या गर्दीकडे पाठ करून, त्यानं मला घाईघाईनं सांगितलं.

आक्कांचा मधू आमच्याच वर्गातला. लढाईत फौजेत गेला, तिकडे वाळवंटात फटफटीवरून निरोप पोचवायच्या कामावर होता. जायच्या आधी महूला होता तेव्हा सुट्टी मिळाली की कुणाची तरी फौजी फटफटी घेऊन धारला येई. त्या आवाजानं वळण दणाणे, आणि आवाज आला की आक्का चहाचं आधण टाकत. मधू दारात पोचेपर्यंत चहा तयार. हे मलाही माहीत होतं. फक्त मी ते विसरलो होतो.

"पहिल्या दिवशी अमझेऱ्याला निघालो ना," वामनभिया म्हणाला, "तेव्हा भल्या पहाटे निघालो होतो. रस्त्यावर कोणी नव्हतं, म्हणून बसूनच. वळलो, आणि दार उघडून आक्का धावत बाहेर आल्या. हाताला पीठ. माझ्याकडे बघितलं. एक शब्द बोलल्या नाहीत. तशाच वळल्या आणि आत गेल्या. मी पळालो." त्यानं हँडल घट्ट धरलं. "तो तिकडं या आवाजात गेला, आणि मी त्याच आवाजात रोज त्यांच्या दारावरून कारकुनी करायला जातो. बरं दिसत नाही रे."

"मग फक्त इथं उतरायचं! सगळ्या गावातून कशाला ढकलत होतास?"

"फक्त इथं उतरलो असतो तर तुम्ही विचारलं नसतं, इथंच का म्हणून? गावात चर्चा झाली असती. ती त्यांच्या कानावर गेली असती." त्यानं खांद्यावरचं उपरणं सावरलं. "दादासाहेबांसमोर बसून जाणं बरं दिसत नाही, हे खरंच आहे. पण त्यांच्यासाठी मी भिंडची पाळी आणली नसती."

मला काय वाटलं ते लिहून दाखवणं कठीण आहे. अंगात लाल अंगरखा, ओठांवर घामानं सुटत चाललेल्या मिशा, हातात कागदी सोटा, आणि मागं मीच आणलेली गर्दी. हा माणूस इतके दिवस साऱ्या गावाचं हसं अंगावर घेत होता, एका दाराकडे कुणाचं बोट जाऊ नये म्हणून. आणि मी बरोबर त्याच दारासमोर वाजतगाजत वरात आणून उभी केली होती. मिशी काढावी म्हटलं तर ती निघेना.

तेवढ्यात गर्दी पोचली. "क्या हुआ? बंद पडी गी?" भाजीवाली ओरडली. मी हात हलवून गप्प करायला लागलो. लोकांना वाटलं चोपदार आणखी काही घोषणा करणार, म्हणून ते अधिकच जोरात ओरडू लागले. आणि दार उघडलं.

आक्का. पांढरे केस, कमरेवर एक हात, हाताला पीठ. त्यांनी गर्दीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं (मी सोटा पाठीमागे लपवला), आणि मग वामनभियाकडे. वामनभियाची मान इतकी खाली गेली की हनुवटी हँडलला लागली.

"चुकलं, आक्का," तो पुटपुटला. "आवाज झाला. आता नाही करणार."

"मेल्या वामन्या!" आक्का म्हणाल्या. "त्या दिवशी आवाज ऐकला, बाहेर आले, बघते तर तू. म्हटलं, बरं झालं, कोणी तरी आलं. चहा टाकायला आत गेले. कप घेऊन येते तो तू पळालेला! तेव्हापासून रोज सकाळी कान लावून बसते, आणि तू आपला चोरासारखा मुकाट्यानं गाडी ढकलत जातोस! चाकाची करकर ऐकू येत नाही होय मला?"

"पण आक्का... मला वाटलं..."

"तुला काय वाटायचं ते वाटू दे. चालू कर ती."

वामनभियानं किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. धापा टाकत मारली. गाडी नुसती खोकली. त्यानं प्लग काढला, उपरण्याला पुसला (मानाच्या उपरण्याला!), परत बसवला. काही नाही. मग गर्दीतून दादासाहेब पुढं आले. पगडी काढून त्यांनी माझ्या हातात दिली आणि गाडीमागं जाऊन म्हणाले, "बस."

"दादासाहेब, तुम्ही ढकलणार आणि मी बसणार? बरं दिस—"

"गप बस!" न्यायाधीश गरजले. वामनभिया बसला. आणि धारच्या इतिहासात प्रथमच एका निवृत्त न्यायाधीशांनी, मास्तर आणि शास्त्रीबुवा यांच्या मदतीनं, एका कारकुनाला फटफटीसकट ढकललं.

साहेबांचं काय झालं ते इथंच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको. त्या दिवशी वामनभिया अमझेऱ्याला उशिराच पोचला. साहेबांनी घड्याळावर बोट ठेवून विचारलं, "अब क्या हुआ?" वामनभिया मान वर करून म्हणाला, "चाय पी रहा था, साहेब." इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यानं माफी मागितली नव्हती. साहेब गोंधळले, आणि गोंधळात म्हणाले, "जाओ, काम करो." त्यानंतर तो रोज बसून जातो, वळणावर आक्कांकडे चहा पितो आणि वेळेवर पोचतो. भिंड अजून भिंडलाच आहे.

पण ते पुढचं. त्या सकाळी मात्र तिघा म्हाताऱ्यांनी जोर लावला, गाडी दोनदा उसळली, धुराचा लोट दादासाहेबांच्या तोंडावर आला, आणि आवाज सुरू झाला. टर्रर्रर्र. वामनभिया गाडी वळवून दाराशी आला आणि उभा राहिला, इंजिन चालू ठेवून. कोणी हसलं नाही. भाजीवालीनं पदर तोंडाला लावला होता. मास्तर रस्त्याकडे बघत होते, मी माझ्या जोड्यांकडे. रोज हुर्यो करणाऱ्यांपैकी एकालाही मान वर करवत नव्हती.

आक्का चौकटीला धरून उभ्या होत्या. डोळे मिटलेले. त्या तांब्याएवढ्या इंजिनाचा आवाज त्यांनी पुरता ऐकून घेतला. मग डोळे उघडले, गाडीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि सबंध गर्दीला ऐकू जाईल अशा आवाजात त्या बोलून गेल्या:

"आमच्या मध्याची याहून मोठ्यांदा वाजायची!"